फुकटचा वारा आणि चार तंगड्या

बुधवारी सकाळी क्लबचा ड्रायर अठरा लाल जर्स्या पोटात घेऊन कायमचा थांबला, आणि मार्यूनने त्याला लाथ घातली. आमच्या बेटावरच्या नोर्दवीक गावच्या फुटबॉल संघाचे कपडे एकतीस वर्षं धुणारी बाई ती. लाथ ही तिची शेवटची पायरी. त्याआधीच्या सगळ्या पायऱ्यांवर ती माणसांना शिव्या देते.

शुक्रवारी अंतिम सामना होता. चार चिमुकल्या देशांचे विजेते आमच्या गावात जमलेले, आणि जिंकेल त्या एकालाच युरोपच्या मोठ्या क्लब स्पर्धेच्या पुढच्या फेरीत जागा. मंगळवारी चिखलात लोळून आम्ही पहिला सामना मारला होता. आमचा दुसरा संच निळा, पण समोरचे अँडोरावालेही निळेच. म्हणजे लालच हवा, आणि तो शुक्रवारपर्यंत वाळायला हवा. बाहेर धुकं असं बसलेलं की समोरचं चर्च दिसेना.

मार्यून तडक आयदुनकडे गेली. आयदुन क्लबचा अध्यक्ष, आणि शाळेत तिच्याच बाकावर बसलेला. नवा ड्रायर ती सहा वर्षं मागत होती आणि सहाही वर्षं त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

"अगं, वारा फुकट आहे आपल्याकडे. जगातला सगळ्यात मोठा ड्रायर दाराबाहेर उभा आहे."

"या धुक्यात वाळतात होय रे कपडे?"

"माझी मेंढी वाळते की."

हे बोलून त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आमच्याकडे घराघरामागे फटीफटींच्या लाकडी भिंतींची खोपी असते. पाऊस बाहेर राहतो, वारा आरपार जातो, आणि आत मेंढीच्या तंगड्या महिनोन् महिने वाळत, मुरत लटकतात. आयदुनच्या खोपीत शेवटच्या चार तंगड्या उरल्या होत्या, सामन्यानंतरच्या मेजवानीसाठी जिवापाड जपलेल्या. मार्यूनने रागाच्या भरात जर्स्या लॅव्हेंडरच्या साबणात दोनदा घुसळल्या आणि नेऊन त्या तंगड्यांच्या मधेच टांगल्या. आता म्हण, वारा फुकट.

शुक्रवारी जर्स्या कोरड्या ठणठणीत झाल्या होत्या. तिने एकेक नाकाला लावून पाहिली. तिला कसलाच वास आला नाही. आम्हा कुणालाच येत नाही, कारण जन्मल्यापासून आमच्या नाकात दुसरं काही गेलेलंच नाही.

सामन्याचे निरीक्षक बेल्मिरो पोर्तुगालहून आलेले. दुपारी त्यांनी आमच्या खेळाडूंच्या खोलीचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले. इथे गटार फुटलंय, म्हणाले, आणि ते सापडल्याशिवाय सामना सुरू होणार नाही. आता गावात प्लंबर एकच, रोई, आणि तो आमचा मधला बचावपटू. तो जर्सी घालूनच कामाला लागला. त्याने फरशा उखडल्या, त्या भरात एक चांगला पाइप फोडला, आणि खोलीत घोट्याएवढं पाणी झालं. गटार काही मिळेना.

रोई पाना आणायला बाहेर गेला तेव्हा बेल्मिरोंचं नाक त्याच्यामागे वळलं. तो परत आला, नाकही परत आलं.

"गटार या माणसाबरोबर हिंडतंय," ते म्हणाले.

मग त्यांनी एकेका खेळाडूला हुंगलं. अठराच्या अठरा जण मार्यूनकडे बघायला लागले. एकतीस वर्षांत तिच्या हातच्या कपड्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिचे कान लाल झाले, रडू येईल असं वाटलं, आणि रडू यायला लागलं की ती भांडते.

"वास माझ्या कपड्यांना नाही," ती आयदुनवर कडाडली. "तुझ्या मेंढीला आहे."

"माझ्या मेंढीला वास?" आयदुनला हे अपमानास्पद वाटलं. "साऱ्या बेटावर अशी मेंढी नाही."

बेल्मिरोंनी नियमांचं पुस्तक काढलं. जर्सीचा रंग, आकड्यांची उंची, बाहीवरची पट्टी, सगळं त्यात होतं. वासाबद्दल अक्षर नव्हतं. नाइलाजाने सामना सुरू झाला.

अँडोराचे बचावपटू आमच्या पोरांना हातभर अंतर सोडून खेळत होते. ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. रोईच्या आसपास एवढी मोकळी जागा होती की तिथे बकरं बांधता आलं असतं. त्याने निवांत डोकं लावलं आणि आम्ही एक-शून्यने जिंकलो. गाव नाचत होतं. मार्यून कुंपणाशी हाताची घडी घालून उभी, कारण आपल्या धुण्याला वास मारला म्हणून संघ जिंकला, हे तिच्या घशाखाली उतरेना. त्यात खेळाडू येऊन म्हणाले की पुढच्या फेरीलाही जर्स्या खोपीतच वाळव. तिने त्यांना जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

मेजवानीला आयदुनने स्वतः तंगडी कापली. आजवर एकाही परक्या पाहुण्याने दुसरा काप मागितला नव्हता. बेल्मिरोंनी नाक दाबून पहिला खाल्ला, मग नाक सोडून दुसरा, मग तिसरा.

"छान आहे की. फुलांचा वास येतो," ते म्हणाले.

आयदुनने एक तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला. त्याने दुसऱ्या तंगडीचा काप घेतला, तिसरीचा, चौथीचा. सगळीकडे लॅव्हेंडर.

"मार्यून," तो कसाबसा म्हणाला, "माझ्या मेंढीला साबण लागलाय."

"वारा फुकट आहे रे आयदुन. दोन्ही बाजूंनी वाहतो."

सोमवारच्या बोटीने नवाकोरा ड्रायर आला आणि आयदुनच्या खोपीला कुलूप लागलं. खेळाडूंनी गयावया केली, पण तो बधला नाही. मार्यूनने ड्रायरचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि धाडकन आपटलं. एकतीस वर्षांच्या धुण्यासाठी जो मिळाला नव्हता, तो चार तंगड्यांसाठी तीन दिवसांत दारात आला होता.