शाळा पाहण्याबाबत

"अगं, पण तू फलकावर लिहितेस काय? 'व्यवहार्यता अभ्यास निधी मंजुरी सभा'! मला वाटलं, कोणाची तरी परीक्षा आहे. कोण येणार त्याला?"

"तुम्हीसुद्धा आला नव्हतात," शाळेच्या मोठ्या बाई चहा गाळत म्हणाल्या.

"तेच तर सांगतोय," यजमान म्हणाले. "सोपं लिही. शाळेची इमारत पाहण्याबाबत सभा. संपलं."

बाईंना ते पटलं, आणि यजमानांचं बोलणं पटलं की त्यांना जरा अस्वस्थ वाटे. पण इलाज नव्हता. गावातली सरकारी शाळा म्हातारी झाली होती. दुरुस्ती मागितली की नगरपालिका म्हणे, नवीनच बांधायची असेल तर दुरुस्ती कशाला? नवीन मागितली की म्हणे, दुरुस्तीने भागत असेल तर नवीन कशाला? मग ठरलं की यातलं काय परवडेल याचा आधी तज्ज्ञाकडून अभ्यास करून घ्यावा. अभ्यासाला निधी लागणार आणि निधीला नागरिकांच्या सभेची मंजुरी. मागच्या दोन्ही सभा माणसांअभावी बारगळल्या. ही तिसरीही बारगळली तर निधी परत जाणार होता. इकडे दहावीच्या वर्गात छताचा भलामोठा पोपडा थेट पहिल्या बाकावर पडला होता. त्या बाकावरची दोघं त्या दिवशी शाळा बुडवून हिंडत होती म्हणून वाचली. बाईंनी त्यांना शिक्षा केली नाही, आणि त्या दिवसापासून स्वतः बाईंना धड झोपही लागली नाही.

फलकाचं काम गावातल्या रंगाऱ्याकडे होतं. तो याच शाळेत शिकलेला, आणि त्याला मराठी शिकवलं होतं खुद्द मोठ्या बाईंनी.

"शुद्धलेखनाची काळजीच सोडा बाई," तो म्हणाला. "तुमच्या हाताखालून गेलोय."

बाईंना काळजी होती ती त्याचीच. तरी त्यांनी मजकूर ठळक अक्षरात लिहून दिला आणि निर्धास्त झाल्या. रंगाऱ्याने तो वाचला आणि ब्रश हातात धरून थांबला. शाळेची इमारत 'पाहण्याबाबत' सभा? शाळा तर येता-जाता दिसते, ती पाहायला सभा कशाला? बाईंचं वय झालं, अक्षर चुकलं असणार. ज्या बाईंनी आपल्या इतक्या चुका सुधारल्या, त्यांची एक चूक सुधारायची संधी देवानेच दिली असं समजून त्याने 'ह'चा 'ड' केला आणि कुणाकडे बोलायचं नाही असंही ठरवलं.

फलक फाटकावर लागला. 'शाळेची इमारत पाडण्याबाबत सभा. सर्वांनी यावे.'

दुपारपर्यंत गाव पेटलं. भंगारवाला फाटकाची उंची-रुंदी मोजून गेला. किराणा दुकानदार एक बाक मागायला आला. त्याच्यावर त्याने एका मुलीचं नाव कोरलं होतं, आणि पुढे त्याने दुसरीशीच लग्न केल्यामुळे त्याला तो बाक घाईने हवा होता. निवृत्त पोस्टमास्तर फाटकाला टेकून रडले. तेवढ्यात यजमानही धापा टाकत आले. "अगं, मी सोपं लिही म्हटलं होतं. इतकं सोपं नाही!"

बाईंनी रंगाऱ्याला बोलावलं. "हा 'ड' कोणी घातला?"

"मी," रंगारी हळूच म्हणाला. "तुमची चूक होती बाई. कुणाला बोललो नाही."

बाई काही बोलणार, तोवर सभेची वेळ झाली होती. सभागृह खच्चून भरलं, खिडक्यांतही माणसं लटकली. इतके मतदार एकत्र आणि रागावलेले पाहून नगराध्यक्षांनी आपली खुर्ची दाराजवळ ओढून घेतली.

बाई उभ्या राहिल्या. "शांत बसा. फलकावर चूक झालीय. शाळा पाडायची नाही. तज्ज्ञ येऊन इमारत फक्त पाहणार आहेत."

"म्हणजे पाडणार नाही?"

"नाही."

"मग आमचीच शाळा केलीत म्हणा की!" भंगारवाला म्हणाला आणि उठला. त्याच्यामागे रांगच्या रांग उठली. चपला शोधल्या जाऊ लागल्या.

बाईंनी जन्मभर एका अनुस्वारासाठी मार्क कापले होते. त्यांनी उठणारी माणसं पाहिली, मग वरचं छत पाहिलं.

"अजून तरी नाही," त्या म्हणाल्या.

सगळे खाली बसले.

"तज्ज्ञाच्या अभ्यासाशिवाय पाडता येत नाही," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"मग करा अभ्यास!" पोस्टमास्तर ओरडले. "होऊ दे दूध का दूध!"

"त्याला निधी लागतो. तुमची मंजुरी लागते."

"दिली मंजुरी!"

हात वर झाले. नगराध्यक्षांनी तर दोन्ही केले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्या रात्री बाई गाढ झोपल्या.

गाव मात्र जागं होतं. तज्ज्ञ येणार, तडे पाहणार आणि पाडा म्हणणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शाळा वाचवायलाच हवी होती. बाई सुट्टीला लेकीकडे गेल्या, तसे गवंडी, रंगारी, दुकानदार सगळे जमले. बाई परतल्या तेव्हा शाळा नव्या नवरीसारखी नटली होती. एक तडा नाही, एक पोपडा नाही. मागोमाग इंजिनिअरही येऊन थडकला.

"तडे कुठायत?" त्याने विचारलं.

"इथे होता," बाईंनी दहावीच्या वर्गात छताकडे बोट दाखवलं. "हात जाईल एवढा."

"आम्ही नाही बुवा कधी पाहिला," मागून गवंडी म्हणाला. त्याच्या हातात थापी होती. त्याच्यामागे निम्मं गाव उभं होतं, सगळे बाईंचे विद्यार्थी, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कधी बोलू नये, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

इंजिनिअरने भिंतीला बोट लावलं. बोटाला रंग लागला. त्याने बोटाकडे पाहिलं, थापीकडे पाहिलं आणि बोट रुमालाला पुसलं.

अहवाल लवकरच आला. इमारत सुस्थितीत असून दुरुस्ती वा पुनर्बांधणी यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. गावाने जल्लोष केला. पोस्टमास्तर पुन्हा रडले.

"बाई, शाळा वाचवली की नाही तुमची?" गवंडी म्हणाला. त्याच्या केसांत अजून चुना होता.

बाईंना भयंकर राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं आणि सगळा घोळ झाला. "वाचवलीत रे बाबांनो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दहावीचा वर्ग बाहेर झाडाखाली भरू लागला. कोणी कारण विचारलं तर बाई सांगत, आतला रंग ओला आहे. परवा नवीन शिक्षणाधिकारी आले, त्यांनीही विचारलं. रंग अजून वाळलेला नाही.