नॉर्डिक घरासाठी नको असलेल्या वस्तूंची यादी

लहान घरात जागा कमी नसते, वस्तू जास्त असतात. हे सत्य उमगायला माणसाला निम्मे आयुष्य आणि एक सजावटकार लागतो. नानांच्या मुलाला आणि सुनेला ते ऐन चाळिशीत उमगले, आणि दोन खोल्या-स्वयंपाकघराचे आपले घर नॉर्डिक पद्धतीने सजवायचे त्यांनी ठरवले. (नॉर्डिक म्हणजे जिथे बाहेर इतकी थंडी असते की माणसे घरातच बसतात. या घरातली माणसे सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येत, नात शाळेत असे. घरात बसणारे एकटे नानाच होते.)

सजावटकार बाई आल्या, दारातच उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "या घराला श्वास घेता येत नाहीये." सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. तिला लग्न झाल्यापासून हेच वाटत होते, फक्त नेमके शब्द सापडत नव्हते.

बाईंचे नियम सोपे होते. वस्तूचा रंग पांढरा, राखाडी किंवा फिकट लाकडी हवा. सहा महिन्यांत ती वापरलेली हवी. आणि तिच्याकडे पाहून मनाला ऊब वाटायला हवी. यात न बसणारे सगळे घराबाहेर. त्यासाठी घरातल्या झाडून साऱ्या वस्तूंची यादी करायची होती, आणि ते काम आपसूक नानांकडे आले. नाना एका कारखान्यात एकतीस वर्षे स्टोअरकीपर होते. त्यांच्या कारकिर्दीत एक वायसरसुद्धा नोंदीवाचून जागचा हलला नव्हता. "नाना, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार!" सून म्हणाली. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी कोणीतरी काम सांगितले म्हणून नाना हरखून गेले.

चार दिवस ते वही-पट्टी घेऊन घरभर फिरले. एकूण नग सहाशे अकरा निघाले, पैकी पास अठ्ठ्याण्णव (त्यातले चाळीस दुधी रंगाचे कपड्यांचे चिमटे). लोखंडी कपाट हिरवे म्हणून गेले. बुद्धिबळातल्या पांढऱ्या सोंगट्या राहिल्या, काळ्या गेल्या. लग्नाचा अल्बम लालभडक होता, शिवाय सहा महिन्यांत कोणी उघडलेला नव्हता. कुकरवर बराच खल झाला आणि अखेर त्याला राखाडी मानण्यात आले.

यादी संपली तेव्हा नानांना एक अडचण दिसली. आवारात जे आहे ते नोंदीत असलेच पाहिजे, हा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटची ओळ लिहिली: 'नाना. नग एक. रंग गव्हाळ, स्वेटर चॉकलेटी. वापर: नातीला शाळेतून आणणे, बस लावल्यामुळे आठ महिन्यांपासून बंद. शेरा: लेकीकडे पाठवणे.' उबेचा रकाना त्यांनी कोरा सोडला. तो मुलाने भरावा असे त्यांच्या मनात होते. खरे तर मुलगा ही ओळ वाचेल, हसेल आणि तिच्यावर काट मारेल, या आशेवरच त्यांनी ती लिहिली होती.

मुलगा मोठ्या कचेरीत अधिकारी होता, त्यामुळे न वाचता सही करण्याचा त्याला दांडगा सराव होता. फोनवर बोलता बोलता त्याने चौदा पानांवर चौदा सह्या केल्या. "झकास काम केलंत नाना," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. नानांना फार वाईट वाटले. पण सहीनंतर खाडाखोड करणाऱ्यांतले ते नव्हते.

शनिवारी टेम्पो आला. मुलगा, सून आणि नात पांढरे पडदे आणायला गेली होती. कपाट चढले, गाद्या चढल्या, आणि पिशवी घेऊन नाना ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

"काका, तुम्ही कुठं?"

"यादीत बघा. शेवटचा नंबर."

ड्रायव्हरने ओळीवर बोट ठेवून वाचले. (यादी वाचणारा तो पहिलाच माणूस.) "सही तर आहे," तो पुटपुटला. मग त्याने नानांना लेकीच्या दारात नेऊन सोडले. लेकीचे घर अजून सजायचे होते, त्यामुळे तिथे जागा होती.

मुलाचा फोन रविवारी दुपारी आला. "नाना, तुम्ही ताईकडे कसे?"

"तुझ्या सहीनं."

पलीकडून यादीच्या घरातल्या प्रतीची पाने उलटल्याचा आवाज आला. नानांनी फोन कानाशी घट्ट धरला होता.

"अहो नाना, काय हे!" मुलगा जवळजवळ ओरडलाच. "थांबा, मी आत्ता निघतो न्यायला." मग मागून कोणीतरी काही बोलले. "नाना... बुधवारी सजावटकार बाई घराचे फोटो काढायला येणारेत. बुधवारनंतर आलो तर चालेल?"

"चालेल की," नाना म्हणाले.

बुधवारी फोटो निघाले. खिडकीजवळची मोकळी जागा, तिथे एक फिकट लाकडी खुर्ची, तिच्यावर लोकरी शाल, आणि माणूस एकही नाही. बाईंनी हा फोटो इंटरनेटवर टाकला आणि तो दोन हजारांवर लोकांना आवडला. 'किती शांत! बघूनच डोळे निवले. कृपया यात काहीही बदलू नका,' असे त्याखाली तुम्हीच लिहिले होते. नानांचे परत येणे तुमच्यासारख्या रसिकांच्या आग्रहास्तव पुढे ढकलण्यात आले आहे.