गार नळाचं गरम पाणी

नेरेइदाच्या हातात ते पत्र यायला सहा वर्षं लागली होती आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ते रद्द होणार होतं. पत्र सरकारी भाडेमदतीचं. घर तिनं शोधायचं, भाड्याचा मोठा वाटा सरकारनं उचलायचा. सतरा घरमालकांनी ते पत्र पाहून नुसती नकाराची मान हलवली. अठराव्यानं, पोन्से शहराच्या चढावरच्या गल्लीतल्या डॉन तेयोनं (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'डॉन' आणि बाईला 'डोन्या' म्हणतात), "मुलं किती?" एवढंच विचारलं.

"दोन मुली."

"चला, म्हणजे परसातले आंबे खायला कुणीतरी आलं."

आता फक्त सरकारी तपासणी उरली होती, गुरुवारी सकाळी दहाला. घर पास झालं तर मुली बहिणीच्या सोफ्यावरून स्वतःच्या पलंगावर येणार होत्या. नाहीतर नाव पुन्हा प्रतीक्षायादीच्या तळाशी.

गुरुवारी आठ वाजता नेरेइदानं न्हाणीघरातला नळ सोडला. नळानं एक लांब सुस्कारा टाकला आणि तो गप्प बसला.

"कालपासून वीज नाही, मिहा, पोरी," डॉन तेयो म्हणाला. "वीज नाही म्हणून पंप नाही, आणि पंप नाही म्हणून पाणी नाही."

"आणि गच्चीवरची टाकी?"

डॉन तेयोनं जमिनीकडे पाहिलं. "ती मी काल संपवली. तपासणी आहे म्हणून अंगण धुतलं, भिंती धुतल्या. घर कसं चकचकीत दिसायला नको?"

घर चकचकीत दिसत होतं खरं. पण तपासणीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर स्वच्छ लिहिलं होतं: नळाला गरम आणि गार, दोन्ही पाणी हवं.

शेजारची डोन्या प्रोवी कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. त्या गल्लीत याला चोरून ऐकणं म्हणत नसत. "यात रडण्यासारखं काय आहे, बाळा? वादळाचा मोसम आहे, घराघरात पिंपं भरलेली आहेत. गॅस आहे. पाणी तापवायचं आणि टाकीत ओतायचं!"

अर्ध्या तासात नऊ शेगड्या पेटल्या. जिन्यावर माणसांची रांग लागली आणि हातोहात पातेली वर चढू लागली. कोपऱ्यावरच्या खाणावळवाल्या विसोनं त्याचं सगळ्यात मोठं पातेलं आणलं. कालचं मटणाचं कालवण त्यातच झालं होतं आणि ते घासायला, अर्थातच, पाणी नव्हतं.

बरोबर दहाला तपासणीच्या बाई आल्या. चष्मा, फायली आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल.

"हे बघा, मी खरं तर एवढंच सांगायला आलेय की..."

"आधी कॉफी!" डोन्या प्रोवीनं कप पुढे केला.

पाहुण्याचा कप रिकामा होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, अशी गल्लीची रीत होती. आणि कप रिकामा होऊ द्यायचा नाही, हा डोन्या प्रोवीचा बेत होता. बाईंनी तीनदा तोंड उघडलं, तीनदा कप भरला गेला. शेवटी त्या कप हातात घेऊनच घरभर फिरल्या आणि न्हाणीघरात पोचल्या.

गरम पाण्याचा नळ सोडला. वाफ आली.

"अरे वा!" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. मग त्यांनी नाक पुढे केलं. "वास कसला येतोय? कालवणाचा?"

"नवीन साबण आहे," नेरेइदा म्हणाली.

बाईंनी गार पाण्याचा नळ सोडला, त्याखाली बोट धरलं आणि "आई गं!" करून मागे घेतलं. त्यातूनही वाफ येत होती.

टाकी एक, नळ दोन. शाळेतल्या कुठल्याही पोराला सुटलं असतं असं गणित, पण सकाळपासून ते कुणी मांडलंच नव्हतं. नेरेइदानं खिडकीतून मान बाहेर काढली. "गार! गार हवंय!"

विसोनं धावत जाऊन खाणावळीच्या बर्फपेटीतून बर्फाच्या दोन पिशव्या आणल्या. वर धडाधड आवाज झाला. थोड्या वेळानं गार नळ गार झाला. बाईंनी शांतपणे गरम नळ पुन्हा सोडला. तोही गारठला होता, आणि त्यातून एक तमालपत्र बाहेर पडलं.

नेरेइदा टबाच्या कडेवर बसली. "बाई, वीज नाही, पाणी नाही. वर सहा माणसं पातेली घेऊन उभी आहेत. मी तुम्हाला फसवायला नको होतं. पण घर खरंच चांगलं आहे हो. फक्त आजचा दिवस वाईट आहे."

"आता मी बोलू?" बाईंनी कप खाली ठेवला. "वीज नाही हे मला येतानाच कळलं, सगळे सिग्नल बंद होते. वीज नसेल त्या दिवशी नळ तपासत नाहीत, दुसरी तारीख देतात. आणि ती तारीख येईपर्यंत पत्राची मुदत थांबते. दारात पाऊल ठेवल्यापासून हेच सांगतेय मी! बाकीचं घर कॉफी पिता पिता पाहिलं. त्यात काही खोट नाही."

त्यांनी कागदावर सही केली. नेरेइदानं तो तीनदा वाचला, मग डॉन तेयोला दिला. चष्मा नसतानाही त्यानं तो वाचला.

बाई मात्र हलेनात.

"अजून काही राहिलं का?" नेरेइदानं घाबरत विचारलं.

"नाही... म्हणजे," बाईंनी रुमालाची गाठ चाचपली, "आमच्याकडे सोमवारपासून पाणी नाही. वर अजून एखादं पातेलं असेल तर... केस धुतले असते."

दोन मिनिटांत न्हाणीघराचं दार बंद झालं, वर पातेली रिकामी झाली आणि आतून हाक आली, "थोडं गार सोडा हो!"

"बर्फ संपला, बाई!" विसो गच्चीवरून ओरडला. "आहे त्यातच भागवा!"

मग फेसातून उत्तर आलं,

"पास!"