सावकाशची लाल गाडी

“भावोजी स्वतः पुढं होऊन गाडीचं दार उघडतील! नाही उघडलं तर नाव बदलीन!” आरशासमोर टाय आवळत सावकाशनं बायकोला ठणकावून सांगितलं.

“तुमचं नाव लोकांनी केव्हाच बदललंय,” बायको म्हणाली. “आणि टाय उलटा आलाय.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सावकाश इस्पितळाची शववाहिका चालवायचा. ही गाडी पळवून चालत नाही. मागून येणाऱ्यांचे डोळे भरलेले असतात. एखादी गाडी सिग्नलला अडकली, की गेली भलत्याच्याच मागं! एकदा तशी चुकामूक होऊन एक अख्खं कुटुंब अनोळखी माणसासाठी पोटभर रडून आलं होतं. तेव्हापासून सावकाशचा एक डोळा कायम आरशात आणि पाय ब्रेकवर. पुढं पुढं तो वेग त्याच्या अंगातच मुरला. गाडी रिकामी असली तरी तो तशीच चालवायचा. सायकलही तशीच. जिनासुद्धा तसाच उतरायचा.

आता अशा माणसाला दारात कोण उभं करणार? रस्त्यात तो समोर आला, की लोक मनातल्या मनात घरातली म्हातारी माणसं मोजायला लागायचे! त्याचं त्याला फारसं वाटायचं नाही. वाटायचं ते एकाच दाराचं.

थोरली बहीण दोन चौक पलीकडे राहायची. एकदा जाता जाता पाणी प्यायला म्हणून त्यानं शववाहिका तिच्या दारात लावली, आणि त्याच आठवड्यात समोरचे हेडमास्तर गेले. हेडमास्तर नव्वदीला टेकले होते, पण भावोजींनी ते मरण सावकाशच्याच नावावर मांडलं. “या, जरूर या, पण गाडी कोपऱ्यावर लावत जा,” असं ते म्हणू लागले. मग ताईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी भावोजींना बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं, आणि भावोजींनी मेहुण्याला यायचीच बंदी केली. सावकाश पायी गेला, तर फाटकातच अडवला.

“अहो भावोजी, मी चालत आलोय!”

“चालत आलात म्हणजे गाडी कोपऱ्यावर उभी आहे, एवढंच!” भावोजी म्हणाले. “तिनं तुम्हाला बघितलं तर तिला वाटेल, वेळ झाली. हात जोडतो, येऊ नका.”

फोन केला की ताई नेहमी झोपलेली असायची. सावकाशनं मेलेली माणसं उभ्या जन्मात पुष्कळ बघितली होती. त्याला आपली बहीण जिवंत असताना बघायची होती, बास.

“मेल्यावर ती माझ्याच ताब्यात येणार आहे गं,” तो बायकोला म्हणाला आणि टायची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

तर बेत असा होता. मोठ्या रस्त्यावर स्पोर्ट्स कारचं नवं शोरूम उघडलं होतं आणि काचेवर लिहिलं होतं, ‘या! बसा! चालवून बघा!’ तिथली लालभडक गाडी घ्यायची आणि तडक ताईच्या दारात न्यायची. ती गाडी बघून मरणाची आठवण कुणाच्या बापाला होणार होती?

शोरूममधला सेल्समन काळ्या सुटात, काळ्या टायमध्ये आणि अत्तरात बुडालेला होता.

“सर, आपला व्यवसाय?”

“प्रवासी वाहतूक.”

“वा! प्रवासी खूश असतात ना?”

“आजवर एकाचीही तक्रार नाही.”

“मग तेच तेच प्रवासी परत परत येत असतील!”

“ते नाही येत,” सावकाश प्रामाणिकपणे म्हणाला. “त्यांच्या घरातले येतात.”

सेल्समन भलताच खूश झाला. सावकाश सवयीनं आधी गाडीच्या मागं गेला आणि त्यानं मागचं झाकण उघडलं, तर आत इंजिन!

“इंजिन मागं? मग ठेवायचं कुठं?”

“काय ठेवायचं, सर?”

“…सामान.”

“सामान पुढं, सर! दोन बॅगा आरामात बसतात!”

दोन बॅगा! सावकाशनं खेदानं मान हलवली आणि तो आत शिरला. आपण बसतोय की पडतोय, हेच त्याला कळेना. बूड टेकलं तेव्हा जमीन इतकी जवळ आली होती, की फुटपाथवरचं कुत्रं बरोबरीच्या नात्यानं त्याच्याकडे बघू लागलं. शेजारी सेल्समन बसला. बटण दाबलं, आणि पाठीमागून असा काही गुरगुराट आला, की सावकाश किंचाळलाच. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या पाठीमागून कधी आवाज आला नव्हता.

गाडी निघाली. म्हणजे निघाली असं सेल्समनला नंतर खिडकीबाहेर बघून कळलं.

“सर, ही गाडी चार सेकंदांत शंभराचा वेग गाठते!”

“गाठू दे की. घाई कुणाला आहे?”

अर्धा रस्ता खणून ठेवलेला होता. मागच्यांना गाडी पुढं काढता येईना, त्यामुळं मागं गाड्यांची रांग लागली. सिग्नल हिरवा झाला तरी सावकाश हलला नाही. आरशात शेवटची गाडी येऊन उभी राहिलेली दिसली, तेव्हा कुठं त्यानं ब्रेकवरून पाय काढला. कुणीतरी वैतागून गाडीचे दिवे लावले. ते बघून त्याच्या मागच्यानं लावले, मग सगळ्यांनीच लावले. चौकातल्या पोलिसानं ती मुंगीच्या पावलांनी येणारी लाल गाडी बघितली, आतला काळ्या सुटातला माणूस बघितला, मागं दिव्यांची रांग बघितली. त्यानं आडवी वाहतूक थांबवली आणि टोपी काढली.

“सर,” सेल्समन घाबरून म्हणाला, “हे सगळे आपल्या मागं का येताहेत?”

“येतातच,” सावकाश म्हणाला.

ताईच्या गल्लीत वळताना तो तिची खिडकी शोधू लागला. त्या नादात डोकं कुठं होतं कोण जाणे, पण हातापायांनी आपलं काम चोख केलं. गाडी दारावरून पुढं गेली, थांबली, उलटी फिरली आणि मागचं तोंड बरोब्बर पायरीला लावून उभी राहिली. सावकाश उतरला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. टाय नवा होता, पण टोपी ड्यूटीचीच राहिली होती.

गल्लीतले रेडिओ एकेक करून बंद झाले. दारं उघडली. माणसं येऊन मुकाट्यानं उभी राहिली. मागच्या रांगेतल्या दोनतीन गाड्याही वळून आत आल्या होत्या. त्यातले लोक उतरून, गेलं कोण, याची हळू आवाजात चौकशी करू लागले. समोरच्या हेडमास्तरीणबाई डोळे पुसत काळ्या सुटाजवळ गेल्या.

“आता अशा गाड्या निघाल्या का हो?”

“अगदी नवं मॉडेल आहे, मॅडम!” सेल्समनला हुरूप आला. “तुम्हाला बघायचंय का?”

“मला एवढ्यात नको!” बाई दोन पावलं मागं सरल्या. “पण आधी सांगून ठेवावं लागतं का?”

“तर! मागणी प्रचंड आहे. आज बुकिंग केलंत, तर सहा महिन्यांनी मिळेल.”

“सहा महिने? आणि तोवर माणूस ठेवायचा कुठं?”

तेवढ्यात कोपऱ्यावरून भावोजी आले. ते औषधाच्या दुकानात गेले होते. त्यांनी दाराला पाठ लावून उभी असलेली गाडी बघितली, टोपी काढलेला मेहुणा बघितला आणि त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

“मी औषध आणायला गेलो…! तेवढ्यात…!”

ते पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडू लागले. खरं तर सावकाशनं इथं तोंड उघडून सांगायला हवं होतं, की तसं काही नाहीये. पण रडणारा माणूस दिसला, की त्याचा हात आपोआप खांद्यावर जायचा आणि तोंडातून एकच वाक्य बाहेर पडायचं. आयुष्यभराची सवय!

“धीर धरा,” तो म्हणाला.

झालं! गल्लीला एवढंच हवं होतं. एकच आकांत उसळला. हेडमास्तरीणबाईंनी गळा काढला, मागून आलेले अनोळखी लोक गहिवरले आणि सेल्समनसुद्धा रुमाल शोधू लागला.

वरच्या मजल्यावरची खिडकी करकरली. विस्कटलेले पांढरे केस, खोल गेलेले डोळे.

“काय गं एवढा गोंधळ? कोण गेलं?”

अख्खी गल्ली वर बघू लागली.

“तुम्ही!” हेडमास्तरीणबाई हुंदक्याच्या भरात बोलून गेल्या.

“अगंबाई!” ताई म्हणाली. “मग मला कुणी सांगितलं कसं नाही?” आणि मग तिला खाली टोपीवाला दिसला. “धाकट्या? तू टाय बांधलायस?”

भावोजी उठले. आनंद आणि संताप यांपैकी आधी कशाला वाट द्यावी, हे त्यांना कळेना. त्यांनी संतापाला दिली.

“तुम्हाला नका येऊ म्हणून सांगितलं होतं ना!”

“अहो, पण मी ती गाडी आणलीच नाही! ही बघा की! लाल आहे!”

“लाल असो, नाहीतर गुलाबी! उलटी लावलीत की!”

सावकाशनं गाडीकडे बघितलं. दाराकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

तेवढ्यात जिन्यात कठड्याला धरून, एकेका पायरीवर दम खात, ताई खाली येत होती. जी बाई किती दिवसांत पलंगावरून उठली नव्हती, ती आपलं मरण बघायला चालत आली होती.

“भांडणं मी गेल्यावर करा,” ती धापा टाकत म्हणाली. “मला ह्या गाडीत बसायचंय. अहो, दार उघडा बघू!”

भावोजींनी पुढं होऊन दार उघडलं. बायकोला सांगितलेलं अक्षरशः खरं झालं होतं, पण सावकाशला ते सुचलंच नाही, कारण त्यानं ताईला उचललं होतं. उचलण्याचा त्याला सराव होता. तरी जिवंत माणूस इतकं हलकं असू शकतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“पण सर, मी?” सेल्समन कळवळला. “गाडीत दोनच जागा आहेत! आणि नियमाप्रमाणे मला…”

ताईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. सेल्समन गपचूप पायरीवर भावोजींच्या शेजारी जाऊन बसला.

गाडी पुलाकडच्या रस्त्याला लागली. ताई खाली सरकून बसली होती आणि काचेतून आभाळ बघत होती.

“अरे, पळव की!”

“पळवतोय.”

“ही पळतेय? मी पलंगावर कूस बदलते ती यापेक्षा लवकर!”

सावकाशनं खरोखर प्रयत्न केला. पाय दाबायला गेला, पण पाय ऐकेचना. आरशात कुणी नव्हतं, तरी डोळा आरशाकडेच जात होता. ताई हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली.

“लोकांना वाटतं, तुझ्या गाडीमुळं तुझं नाव पडलं,” ती म्हणाली. “खरं कुणाला माहीतच नाही. तुला पुढं बसवून मी सायकल उतारावरून सोडून द्यायचे, आठवतं? आणि तू बोंबलायचास, ‘सावकाश! ताई, सावकाश!’ मीच पाडलं ते नाव.”

“आठवतं.”

“मला फार आवडायचा तो उतार. नंतर कुणी मला जोरात नेलंच नाही बघ. सगळे आपले जपून, सांभाळून.” ती पुन्हा आभाळाकडे बघू लागली. “असू दे. पुढच्या वेळी पळव.”

पुढच्या वेळी म्हणजे केव्हा, हे दोघांनाही नीट कळत होतं. सावकाशला रडू आलं, आणि ‘धीर धरा’ म्हणायला गाडीत तिसरं कुणी नव्हतं. ताईनंच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढची वेळ लवकरच आली. दुसऱ्या चालकाला पाठवतो, असं इस्पितळातले साहेब म्हणाले, पण सावकाशनं ऐकलं नाही. त्यानं शववाहिका ताईच्या दारात उलटी लावली. या वेळी मागचं दार भावोजींनीच उघडलं.

पुढं काय झालं, ते नीटसं कुणालाच सांगता येत नाही. पुलापर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. पुलानंतर उतार लागतो. मागून येणाऱ्यांनी डोळे पुसून समोर बघितलं, तर शववाहिका गायब! भावोजींनी घाबरून शववाहिकेसारखीच दिसणारी एक पांढरी गाडी गाठली आणि तिच्या मागं रडत रडत ते थेट दूध डेअरीत जाऊन पोचले.

आठवड्यानं साहेबांनी सावकाशला बोलावून घेतलं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो त्यांच्या टेबलावर होता.

“शववाहिका? आणि एवढ्या वेगात?” साहेब कडाडले. “अहो, त्या गाडीत घाई असते कुणाला?”

“ताईला,” सावकाश म्हणाला.

साहेबांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. काचेमागं स्टिअरिंगला घट्ट धरलेला सावकाश दिसत होता. डोळे मिटलेले, आणि तोंड हे एवढं उघडं.

“आणि हे बोंबलताय काय?”

सावकाशनं टोपी काखेत धरली आणि खाली बघितलं.

“‘सावकाश’ म्हणत होतो, साहेब. ‘ताई, सावकाश!’”