गोटीरामबाबांचा फळा

अन्याय गोटीरामबाबांवर झाला. गेल्या शुक्रवारी, आठवड्याच्या बाजारात, सकाळी पावणेअकरा वाजता. मुरबाड-शहापूर रस्त्यावरच्या आमच्या नाक्यावर एसटीची शेड आहे. तिच्या भिंतीवरून त्यांचा फळा दोन माणसांनी उतरवला आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवला. कारण कागदावर दिलंय: लोकांची दिशाभूल.

आता ही दिशाभूल काय होती ते ऐका.

फळ्यावर वरती कायम एकच शब्द असायचा, 'येणार'. त्याखाली यादी. त्या महिन्यात अमेरिकेत आणि लंडनला जॅझ अन् सोल गाण्यांच्या कोणत्या नव्या तबकड्या निघणार, त्याची. आमच्या नाक्यावर एक गिरणी, दोन वडापावच्या गाड्या आणि खताचं दुकान. तबकडी सोडा, साधी कॅसेट घ्यायची तर मुरबाड गाठावं लागतं. तरी गोटीरामबाबा दर सोमवारी ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि नव्याने लिहायचे.

बातमी रेडिओवरची. सकाळी सहाला कुठलंसं परदेशातलं हिंदी स्टेशन त्यांच्या रेडिओवर लागतं. खरखर इतकी, की गाणाऱ्यांची नावं त्यात विरघळून जातात. तारीख तेवढी कळते, आणि मिनिटभर गाणं. म्हणून बाबा नाव लिहीत नाहीत, माणूस लिहितात.

'पाच तारीख. म्हातारा. पितळी भोंगा. घाई नाय.'

'चौदा तारीख. बाई. आवाज काकवीवाणी. लय वर्सांनी परत गातेय.'

मी एकदा म्हटलं, "बाबा, नाव तरी शोधूया."

"नाव घेऊन काय करशील गो पोरी? पत्र धाडायचंय?"

बाबांनी उभी हयात बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवलं. धसईपासून कसाऱ्यापर्यंत त्यांनी वाजवलं नाही असा मांडव नसेल. त्यांची बायको हिरूबाई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी. नवरा मांडवाबाहेर, बायको मांडवात. दोन वर्षांपूर्वी ती गेली. फळा त्यानंतर नाक्यावर आला.

जॅझ म्हणजे काय, असं त्यांना कुणीही विचारावं. गिरणीवाला मुद्दाम विचारायचा.

"जॅझ म्हंजे कसं," बाबा डोळे मिटून सांगत, "नवऱ्याचा घोडा पुढं निघून गेला. वरात वाट चुकली. पण वाजवणारे वाजवत चाललेत. कुठं जायचं ते कोनाला ठाव नाय, अन् थांबायचं बी नाय."

"आणि सोल?"

"दिवसभर धवले गाऊन झाले, मांडव रिकामा झाला, अन् भांडी घासता घासता बाई एकलीच गुणगुणते ना, ते."

"म्हंजे बाबा, पैसे नाय मिळत त्या गाण्याचे," गिरणीवाला म्हणायचा, आणि बाबा गंभीरपणे मान डोलवायचे.

मिनिटभर ऐकलेल्या गाण्याचं पुढचं ते स्वतः जुळवायचे. शेडच्या बाकावर बसून, बोटं गुडघ्यावर क्लॅरिनेटच्या भोकांसारखी उचलत. शेतांवरचं धुकं रस्त्यावर उतरलेलं असायचं. एसटी त्यातून यायची, त्यातच जायची. कंडक्टर हाक मारायचा, बाबा उठायचे नाहीत. त्यांच्या शेजारी पाच मिनिटं बसलं तर आपल्यालाही वाटायचं की नाका हळूच जमिनीवरून सुटलाय आणि कुठल्या तरी मोठ्या पाण्यावरून चाललाय. मी पत्रकं लिहिणारी, पाण्याच्या टाकीवरून भांडणारी बाई. मला असलं काही वाटत नाही. तिथे वाटायचं.

आता चौदा तारखेचं. ज्याला दिशाभूल म्हणतायत ते हेच.

त्या दिवशी दुपारी डोंगरातल्या वाडीवरून एक कुटुंब चालत आलं. नवरा, बायको आणि सासू. तिघंही लग्नाला निघाल्यासारखी नटलेली. आमच्याकडे फळ्यावर 'येणार' म्हणजे पार्टी येणार, गाणारी माणसं येणार. दुसरा अर्थ त्यांनी कशाला लावावा?

"बाई कुठं उतरलीय?" म्हातारीने विचारलं.

"बाई नाय आली. तिचं गाणं आलंय. पन तिकडं."

"तिकडं म्हंजे, मुरबाडला?"

"आनखी पुढं."

"कल्यानला?"

"आनखी पुढं," बाबा ओशाळून म्हणाले.

"मंग आमी बसतो," म्हातारी म्हणाली आणि बाकावर मांडी घालून बसली.

बाबा घरी गेले, क्लॅरिनेट घेऊन आले. मिनिटभर ऐकलेलं ते गाणं त्यांनी अर्धा तास वाजवलं. बाजारचा दिवस नव्हता, रस्ता रिकामा होता, उन्हात मोहाच्या फुलांचा वास तरंगत होता. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला. शेवटी म्हातारी उठली, लुगडं झटकलं आणि सुनेला म्हणाली, "बाई बरी गाते."

तक्रार या तिघांनी केलेली नाही. मी वाडीवर जाऊन विचारून आलेय. ती तिघं तर पुढच्या तारखेलाही येणार होती. तक्रार ज्यांनी केली त्यांच्या वाढदिवसाचा फलक आता त्या भिंतीवर आहे. आणि 'लवकरच पूल येणार' ही पाटी मी बालवाडीत होते तेव्हापासून ओढ्यावर उभी आहे. ती कुणी दिशाभूल म्हणून उतरवली नाही.

शनिवारी मी बाबांकडे गेले. फळा परत लावावा या अर्जावर त्यांची सही हवी होती. त्यांनी चहा ठेवला. म्हणाले, भांडण नको. मी म्हटलं, फळा एवढा लागतो कशाला, ते तरी लिहून द्या.

त्यांनी चहा गाळला. मग म्हणाले, "हिरू आजारी होती तवा डाक्टर बोलला, हप्ता काढंल. त्याच दिशी रेडिओवर सांगितलं, वीस तारखेला एक बाई येतेय. मी हिरूला बोललो, तुज्यावाणी गळा हाय, तेवढी ऐकून जा. वीस तारीख गेली. मंग सांगितलं, धा तारखेला म्हातारा येतोय. थांबली. अशा सात तबकड्या थांबली ती."

"मग?"

"मंग एक महिना स्टेशनच लागलं नाय. ती रोज विचारायची, आता कोन येतंय? मला लबाड सांगता आलं असतं. नाय सांगितलं." त्यांनी कपबशी माझ्याकडे सरकवली. "नाक्यावरनं रोज किती मानसं दवाखान्याला जातात. कोनाला कधी तारीख लागंल, आपल्याला काय ठाव?"

अर्जावर त्यांनी सही केली नाही. म्हणून ती तुमच्याकडे मागतेय. येत्या ग्रामसभेला तुम्ही या. फळ्याचा विषय यादीत नसेल, तर उभे राहा आणि तो घ्यायला लावा. फळा त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर लागला पाहिजे. आणि तो लागेपर्यंत, तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर बाबांच्या रेडिओवर कळलेली तारीख आज घरी गेल्यावर त्याला सांगा: सव्वीस तारखेला एक पियानोवाली येतेय.