नत्थुजींची पाच बोटं

एक पेटी विकत घेतली, एवढंच माझं चुकलं. अमरावतीतला एक कापूसवाला साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. मी सांधेदुखीवरची वीज घेतली. (आरसा घेतला असता तर निदान स्वतःचं तोंड पाहता आलं असतं.)

माझ्या बायकोचा, मनकर्णेचा, गुडघा दुखायचा. पण तिनं पेटीकडे पाहिलं ते शिपाई चोराच्या गठुड्याकडे पाहतो तसं.

"आत काय भरलं हाय?"

"काई नाई. एक चुंबक अन् त्याच्यापुढं तांब्याच्या तारेची वेटोळी. दांडा फिरवला का तार चुंबकापुढून फिरते अन् तिच्यात वीज येते. या दोन पितळी नळ्या हातात धरल्या का झिणझिण्या. जोरात फिरवलं तं मोठा झटका, थांबलं तं काईच नाई."

"चुंबक झिजते?"

"नाई."

"खात नाई, झिजत नाई अन् काम करते? असं या घरात मी तं कोनी पायलं नाई!" ती माझ्याकडेच बघत म्हणाली. गुडघा काही पुढे केला नाही.

दुपारी नत्थुजी दलाल आले. अमेरिकेतली लढाई मिटत आल्याची खबर होती. म्हणजे तिकडचा अडकलेला कापूस निघणार आणि आमचा भाव कोसळणार. अंगणात कापसाच्या गाड्या भरून उभ्या होत्या. आज सौदा फिसकटला तर सालभराची मेहनत मातीत.

आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालायचे. दलाल जितकी बोटं धरेल तितका भाव. शेजाऱ्यालाच काय, बायकोलाही कळत नाही. (फार चांगली रीत.)

नत्थुजींची नजर दारालगतच्या पेटीवर गेली. "हे काहून ठेवली इथं? बोटं मोजून राहिली का?"

"थांबलेली पेटी म्हणजे निव्वळ लाकूड. धरून पाहा!"

एक नळी त्यांच्या डाव्या हातात दिली, एक मी धरली. काहीच झालं नाही. त्यांची खात्री पटली. मग डाव्या हातांतल्या नळ्या तशाच ठेवून उजवे हात दुपट्ट्याखाली गेले आणि त्यांनी माझी दोन बोटं धरली. मी नाही म्हणून मान हलवली.

दाराआड मनकर्णेला वाटलं, साहेबानं आपल्या नवऱ्याला फसवलंच असणार, आत्ताच पाहू. तिनं हात लांबवून दांडा फिरवला.

नत्थुजींच्या मुठीत माझी पाचही बोटं आवळली गेली.

"पाच! मंजूर!" मी किंचाळलो.

"सोडा मले!"

"धरलं तं तुमी हाय!"

"अहो, मूठच उघडून नाई राहिली!"

भांडण जुंपलं असं समजून मनकर्णा घाबरली आणि घाबरून आणखी जोरात फिरवू लागली. शेवटी दोघांच्या नळ्या सुटल्या. नत्थुजी पागोटं उचलून थेट रस्त्यावर.

"आता बाजारात कोनी तुमच्या हातात हात देनार नाई!"



"हात नका देऊ," मनकर्णा दारातून म्हणाली. "तोंडानं बोला."

नत्थुजी दुरूनच ओरडले, "तीन!"

"चार!"

"चार तं चार, बाई. गेल्या सालीबी मालकाले चारच देल्ले होते."

सौदा झाला. मी हर्षानं मनकर्णेकडे वळलो. ती पेटीपुढे मांडी घालून बसली होती, हात दांड्यावर.

"गेल्या साली तं तुमी मले दोनच सांगतले होते," ती म्हणाली. "धरा दोन्ही नळ्या."