हसा, पण हलू नका

मेव्हणीने तिचा जादाचा कॅमेरा हातात देताना एवढंच सांगितलं, "भाऊजी, आयएसओ ऑटोवर ठेवलाय. त्याला हात लावू नका." ती वर्तमानपत्रात फोटोग्राफर, तिला ड्यूटीवर पळायचं होतं. पण तिने तेवढं शेवटचं वाक्य गिळलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

कारण भाऊजी म्हणजे एका मोठ्या कचेरीतले स्टोअरबाबू. झिजलेल्या पेन्सिलीचं थोटूक जमा केल्याशिवाय नवी पेन्सिल न देणारा माणूस. (साहेबांनाही नाही. साहेब हल्ली घरून पेन आणतात.) आपल्या सहीवाचून एखादी गोष्ट 'ऑटो' होते, हे त्यांना मंजूर होण्यासारखं नव्हतं.

काम तसं साधं होतं. सासरे दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते आणि बायकोला त्यांचा एक हसरा फोटो हवा होता. सासरे दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांचे दात पाहिले, पण स्वतःचे कधी कॅमेऱ्याला दाखवले नाहीत. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ते दाढ ठणकत असल्यासारखे उभे आहेत. "मला एक तरी हसणारे बाबा हवेत हो," असं बायको अल्बम मिटत म्हणाली.

"होऊन जाईल," म्हणत स्टोअरबाबू कॅमेरा घेऊन गॅलरीत गेले. पडद्याच्या कोपऱ्यातला आयएसओचा आकडा शंभर. हॉलमध्ये आले, सोळाशे. जिन्याखाली सहा हजार चारशे. कुतूहल काही स्वस्थ बसू देईना, म्हणून त्यांनी कपड्यांच्या कपाटात डोकं घातलं आणि दार ओढून घेतलं.

"कपाटात काय शोधताय?" बाहेरून बायकोने विचारलं.

"आकडा. पंचवीस हजारांवर गेला."

त्यांनी मेव्हणीला फोन लावला. ती धापा टाकत म्हणाली, "अहो, उजेड कमी झाला की कॅमेरा आपणहून संवेदनशीलता वाढवतो. फोटोत थोडे दाणे येतात, पण माणूस हललेला येत नाही. मेनूत मर्यादा घालता येते, पण तुम्ही..." पुढचं 'घालू नका' त्यांनी ऐकलंच नाही. मर्यादा घालता येते, एवढं स्टोअरबाबूंना पुरेसं होतं. त्यांनी जास्तीत जास्त शंभर मंजूर केले आणि बऱ्याच वेळाने सुखाचा श्वास सोडला.

आता संवेदनशीलता मिळेना, म्हणून कॅमेरा बिचारा उजेड गोळा करत डोळा उघडा ठेवून बसायला लागला. 'खट' आणि 'टक' यांच्यामध्ये माणसाची जांभई देऊन व्हायची. कॅमेरा टेबलावर टेकवलेला, त्यामुळे फोटोत सोफा लख्ख, उशीवरची वीण न् वीण स्पष्ट, आणि सासऱ्यांच्या जागी धुकं.

"बाबा, हसा," स्टोअरबाबू म्हणाले, "पण हलू नका."

"जावईबापू, तोंड उघडा आणि हलू नका, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो," सासरे शांतपणे म्हणाले. "एकही हसला नाही."

"अहो, ती मर्यादा काढा ना," बायको म्हणाली.

"मर्यादा नाही निघणार. उजेड वाढवू." तत्त्वाचा प्रश्न होता. त्यांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि घरातले सगळे दिवे गोळा केले: टेबललॅम्प, पलंगाजवळचा दिवा, शेजाऱ्यांकडचा हॅलोजन. सगळे जमिनीवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचून, हॅलोजन उंच धरून ते सासऱ्यांशेजारी स्टुलावर चढले. इकडे बायकोने वाद न घालता मेनू उघडला आणि मर्यादा काढून टाकली. (संसार असाच चालतो.)

स्टोअरबाबूंनी एक पाय खाली सोडून अंगठ्याने बोर्डाचं बटण दाबलं. फट् असा आवाज झाला आणि घरातला झाडून सगळा उजेड गेला. खिडकीतून मावळतीचा काय तो धूसर प्रकाश उरला. त्या प्रकाशात विझलेला दिवा मशालीसारखा धरून, मान ताठ ठेवून, कचेरीतल्या आवाजात स्टोअरबाबूंनी विचारलं, "आता आकडा किती?"

सासऱ्यांच्या घशातून आधी घरघर आली. मग खांदे हलले. मग ते मांडी थोपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि बायकोने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

बारा हजार आठशे. रवा सांडल्यासारखे दाणे, पण सासऱ्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात मोजून घ्यावेत. बायको कितीतरी वेळ त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

"दाणे फार आहेत," स्टोअरबाबू तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाले.

"बाबा, मोठा करून भिंतीवर लावते," बायको म्हणाली. "हे स्टुलावरचे मात्र कापून टाकते. फोटो तुमचा आहे."

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा फोटो पाहिला.

"नको, राहू दे त्यांना," ते म्हणाले. "नाहीतर मी कशाला हसतोय ते बघणाऱ्याला कळायचं कसं?"